तिसऱ्या दिवसाची पिशवी

बायपास झालेल्या कुठल्याही माणसाला विचारा, बाबा रे, तुझं हृदय बंद करून ठेवलं होतं तेवढा वेळ तुला जिवंत कुणी ठेवलं? तो छातीवरची पट्टी सांभाळत, डोळ्यांत पाणी आणून मोठ्या साहेबांचं नाव घेईल. घेऊ द्या. माणसाला एवढा चिरल्यावर खोटं बोलायची सवलत द्यायलाच हवी. पण खरं सांगायचं तर साहेब तेव्हा केसासारख्या दोऱ्याने टाके घालत होते. जीव सांभाळत होती ती टेबलापासून चार हातांवर, फिरत्या स्टुलावर बसलेली एक बुटकी, जाड चष्म्याची बाई. तिच्यासमोर कपाटाएवढं मशीन. अंगातलं सगळं रक्त नळीने तिच्याकडे यायचं, मशीनमध्ये त्याला प्राणवायू मिळायचा आणि दुसऱ्या नळीने ते परत अंगात जायचं. म्हणजे त्या दीड-दोन तासांत हृदयही तीच आणि फुफ्फुसंही तीच. पेशंट शुद्धीवर येऊन पेढे वाटायचा तेव्हा मात्र तिच्यापर्यंत रिकामा खोकाही पोचायचा नाही.

हॉस्पिटलात तिला सगळे पंपबाई म्हणायचे. तीस वर्षं ती त्या स्टुलावर बसली आणि तीस वर्षांत तिच्या नाकावर माशी बसली नाही. बसायची छाती कुठल्या माशीला होती?

तिचं म्हणणं साधं होतं, पण ऐकतो कोण! ती म्हणायची, रक्त फार मानी असतं. आयुष्यभर आपल्याच घरात फिरलेलं. त्याला प्लॅस्टिकच्या नळीत घातलं की ते बिथरतं. घरात कुणीतरी परकं घुसलं असं समजून साऱ्या अंगाला बोंब मारून उठवतं आणि मग अंगच अंगाशी भांडायला लागतं. म्हणजे सूज. चेहरा सुजतो तो नातेवाइकांना दिसतो, पण आत फुफ्फुसं, मेंदू, किडन्या सुजतात त्या कुणाला दिसतात? ऑपरेशन झकास झालं, हृदय नव्यासारखं चालतंय, आणि पेशंट आठ दिवसांनी किडनी बसली म्हणून आडवा, असं तिने काय कमी वेळा पाहिलं होतं! तेव्हा साहेब खांदे उडवून सांगायचे की पेशंटची तब्येतच तशी होती.

म्हणून तिचे नियम होते. नळ्या आखूड कापायच्या, कारण हातभर नळी जास्त म्हणजे हातभर भांडण जास्त. नळ्यांतली हवा काढायला बाकीचे लोक सलाईन भरतात आणि तेच पाणी मग रक्तात मिसळतं. ती पेशंटचंच रक्त हळूच मागे घेऊन नळ्या भरायची आणि पाणी बाहेर काढायची. रक्तात पाणी घालायला ते काय गवळ्याचं दूध आहे, असं तिने एकदा भर थिएटरात विचारलं होतं. छातीच्या पोकळीत सांडलेलं रक्त चरबी आणि गुठळ्यांनी घाण झालेलं असतं, ते धुतल्याशिवाय अंगात परत द्यायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटचा नियम, ज्याच्यावरून तिची आणि साहेबांची आयुष्यभर जुंपली, तो म्हणजे गरम करताना घाई करायची नाही.

हे गरम करण्याचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. ऑपरेशनच्या वेळी मशीनमधून रक्त थंड करून अंग बत्तीस डिग्रीवर आणतात, म्हणजे सगळे अवयव गारठून थोडक्यात भागवतात. काम संपत आलं की पुन्हा सदतीसकडे न्यायचं. हे हळूहळू केलं तर कुणाचं काही बिघडत नाही. भसकन केलं तर गारठलेल्या किडन्या एकदम जाग्या होऊन रक्त मागायला लागतात आणि पंपाकडून तेवढं मिळत नाही. सगळ्यांत आधी मरतात त्या त्याच.

आता साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण हॉस्पिटलच्या दारात एक फलक होता. त्यावर साहेब हाताची घडी घालून उभे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘अवघ्या चाळीस मिनिटांत!’ चाळीस मिनिटांत काय, ते लिहिलं नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय! तो फलक लागल्यापासून साहेबांच्या अंगात घड्याळ शिरलं होतं. शेवटचा टाका पडला रे पडला की ते मान वर न करता ओरडायचे, गरम करा. पंपबाई म्हणायची, सर, वेळ लागेल. साहेब म्हणायचे, किती वेळ? ती म्हणायची, लागेल तेवढा. मग भूलवाले डॉक्टर छताकडे बघायचे, सिस्टर कात्र्या मोजायला लागायच्या आणि दोघांचं वाजायचं. आठ-दहा मिनिटं असं भांडण झाल्यावर साहेब हातातलं हत्यार खाली ठेवून नुसते तिच्याकडे बघत उभे राहायचे. छाती उघडी ठेवून सर्जन असा रुसून उभा राहिला तर पंपबाई काय करणार? पुटपुटत ती आकडा वर सरकवायची.

आणि मग तिसऱ्या दिवशी फेरीला जायची. पंपवाली माणसं वॉर्डात पाऊल टाकत नाहीत, त्यांचं काम थिएटरात सुरू होतं आणि तिथेच संपतं. ही मात्र जायची. साधा सदरा घालून पलंगापाशी उभी राहायची, पेशंटच्या तोंडाकडे न बघता खाली वाकायची आणि पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी बघायची. किती भरली, रंग काय. मग पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघायची. तिसऱ्या दिवशीची पिशवी खोटं बोलत नाही, असं तिचं मत होतं. नातेवाइकांना वाटायचं सफाईची बाई आली. ‘मावशी, तेवढी पिशवी रिकामी करा,’ असं सांगून ते फोनवर साहेबांचं कौतुक पुढे चालू ठेवायचे. ती करायची रिकामी. धार पडताना रंग जास्त चांगला दिसतो.

हॉस्पिटलात पंपावर दुसरा एक माणूस होता. त्याला सगळे होयबा म्हणायचे आणि हे नावही पंपबाईनेच ठेवलेलं. उंच, किडकिडीत, डोक्यावरची थिएटरची टोपीसुद्धा इस्त्री केलेली. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं हो यायचं. साहेबांनी सांगितलं गरम करा, हो सर. साहेबांनी सांगितलं आज जरा उकडतंय, हो सर. पाच मिनिटांनी सांगितलं, गारठा आहे, तरी हो सर. साहेबांना तो फार आवडायचा आणि पंपबाईला त्याचं तोंड बघवत नसे. एकदा सगळ्यांसमोर तिने त्याला विचारलं होतं, अहो, तुम्हाला पाठीचा कणा आहे की तिथेही नळीच घातलीय? त्यावर सगळे हसले आणि तोही हसला. चौदा वर्षं ती त्याला जमेल तिथे आणि जमेल तसं टोचत आली. तिसऱ्या दिवसाच्या फेरीत ती त्याच्या पेशंटांच्या पिशव्या कधी बघायची नाही. त्यात काय बघायचं? साहेबांनी ओरडायचं आणि याने भट्टी पेटवायची, पिशवी कोरडीच असणार. जे माहीतच आहे ते बघायला वाकून पाठ कोण मोडून घेईल!

तर अशी ही पंपबाई. आणि तिच्या घरात एकच माणूस तिला पुरून उरणारं होतं, तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, एकटी राहायची. वन्सं तिचं कौतुक कधी करायच्या नाहीत, पण चार लोकांत ओळख मात्र आवर्जून करून द्यायच्या. ही आमची भावजय, हॉस्पिटलात नळ्या जोडते, म्हणजे प्लंबरच म्हणा ना. तीस वर्षं हा एकच विनोद. नवरा दर वेळी हसायचा आणि घरी आल्यावर दर वेळी शिव्या खायचा. तरी तोही बिचारा काय करणार, एकीने मुख्याध्यापिका म्हणून वाढवलेला आणि दुसरीने पंपावर धरलेला.

या वन्संच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या. वीस वर्षांची साखर आणि किडन्या आधीच निम्म्याहून कमी चालणाऱ्या. किडनीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल, पण त्यात जरा धक्का बसला तर किडन्या जातील आणि मग आयुष्यभर डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. वन्सं शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘मला मशीनला बांधून ठेवणार असाल तर आत्ताच सांगा. मी ही छाती घेऊन घरी जाते.’

बोलण्यात तोच मुख्याध्यापिकेचा रुबाब. पण जिना उतरताना त्यांनी पंपबाईचं मनगट धरलं आणि खालच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. पंपबाईने मनातल्या मनात ठरवलं की या बाईच्या किडन्या मी घरी घेऊन जाणार. प्लंबर म्हणते काय! दाखवतेच प्लंबर काय चीज आहे.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. हॉस्पिटलचा नियम होता की घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आत राहायचं नाही. हात कापतो, डोकं चालत नाही वगैरे. पंपबाई साहेबांकडे गेली, भांडली, म्हणाली माझा हात आजवर कापलेला तुम्ही पाहिलाय का? साहेब गोड हसून म्हणाले की नियम म्हणजे नियम, आणि काळजी कशाला, आपला तो आहे ना, फार सहकार्य करतो. सहकार्य! ती बाहेर आली आणि हात धुवायच्या मोरीपाशी पाच मिनिटं नळ सोडून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नळ्या स्वतः कापल्या, आखूडात आखूड. पण नळ्या कापता येतात, माणसाला कणा बसवता येत नाही. शेवटी अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने ती चहाच्या खोलीत गेली. होयबा बशी पुसत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. वन्संच्या किडन्यांचं सांगितलं, डायलिसिसचं सांगितलं, मनगटाचं मात्र सांगितलं नाही. म्हणाली, काहीही झालं तरी हळू गरम करा. साहेब ओरडतील, रुसतील, हत्यार ठेवतील, तरी हळू.

‘हो,’ होयबा म्हणाला.

तिला वाटलं ती बशी त्याच्या डोक्यात घालावी. आयुष्यभर ज्याने कुणालाही नाही म्हटलं नाही त्याचं हो घेऊन माणसाने करायचं काय? तेच हो उद्या साहेबांनाही मिळणार होतं. ती एवढंच म्हणाली की बघा बुवा, आणि निघून आली.

ऑपरेशनच्या दिवशी ती नवऱ्याशेजारी बाकावर बसून वाट बघत होती. नवरा दर पाच मिनिटांनी विचारायचा, आता काय चाललं असेल? तिने दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा उठली. थिएटरला लागून नळ्यांच्या सामानाची खोली होती, मध्ये नुसती पातळ भिंत आणि सामान द्यायची झडप. नियमात थिएटर म्हटलंय, सामानाची खोली म्हटलेली नाही, असं स्वतःला बजावून ती आत शिरली आणि एका खोक्यावर, भिंतीला कान लावून बसली.

पंपाची घरघर ऐकू येत होती. आपल्या हाताखालची घरघर वेगळी आणि दुसऱ्याच्या हाताखालची वेगळी. पुढे काय होणार ते तिला पाठ होतं आणि तिच्या हातात काही नव्हतं. बाकावर बसलेले नातेवाईक रोज काय भोगतात ते तिला त्या खोक्यावर कळलं, आणि तेही तिला आवडलं नाही.

मग साहेबांचा आवाज आला. गरम करा.

हो सर.

संपलं, पंपबाईला वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा साहेब म्हणाले, होतंय ना? पुन्हा हो सर. एक भांडण नाही, एक शब्द नाही. हत्यार खाली ठेवल्याचा आवाज नाही. साहेब कसलंसं गाणं गुणगुणत होते. तिने झडपेवर मूठ उगारली आणि पुन्हा खाली घेतली, कारण आत पेशंटची छाती उघडी होती. थोड्याच वेळात पंपाची घरघर थांबली, म्हणजे वन्संचं हृदय आपलं आपण चालायला लागलं. बाहेर नवरा रडत असणार. ती मात्र खोक्यावर बसून होयबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

पंपाचं मशीन दर मिनिटाचं तापमान आपणहून कागदाच्या पट्टीवर उमटवतं. त्या पट्ट्या त्याच खोलीतल्या कपाटात ठेवायच्या. वरचा खण पंपबाईचा, खालचा होयबाचा. संध्याकाळी वन्संना अतिदक्षता विभागात नेल्यावर ती खोलीत आली. आजची पट्टी खालच्या खणात सगळ्यांत वर होती. ती पुरावा म्हणूनच काढली. उद्या साहेबांच्या आणि त्या होयबाच्या तोंडावर मारायला बरी.

तिने चष्मा वर केला, खाली केला, पट्टी दिव्याजवळ नेली. रेघ बत्तिसावरून निघाली होती आणि डोंगराला बैलगाडी चढावी तशी सावकाश सदतिसाकडे गेली होती. कुठे धक्का नाही, उडी नाही. पण एवढा वेळ याला मिळाला कुठून? साहेब ओरडल्यापासून तर दहाच मिनिटं होती. मग तिने वेळ वाचली. साहेबांनी गरम करा म्हणायच्या आधीच, चांगली वीस मिनिटं आधी, रेघ वर निघाली होती. साहेब ओरडले तेव्हा काम निम्म्याच्या पुढे गेलेलं. तेव्हा तो हो सर म्हणाला ते खोटं नव्हतं. होतच होतं.

एखाद्या दिवशी माणूस नशिबाने बरं वागतो, असं म्हणून तिने पट्टी ठेवली. ठेवताना खालची दिसली. तीही तशीच. मग त्याखालची. मग ती जमिनीवर बसली आणि चौदा वर्षांचा खण उपसायला लागली. सगळ्या बैलगाडीच्या चालीच्या. चौदा वर्षांत तिने हा खण एकदाही उघडला नव्हता. काय असणार त्यात, माहीतच तर होतं!

मग तिने वरचा खण उघडला. आपल्या पट्ट्या तिला पाठ होत्या, पण शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. तिची रेघ बत्तिसावर आडवी पडून राहायची. हुकूम येईपर्यंत ती वाट बघायची, हुकूम आला की भांडायची, आणि भांडणं संपली की रेघ भिंतीसारखी उभी चढायची. दर वेळी नाही, पण साहेब रुसले त्या प्रत्येक वेळी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात तीस वर्षं गेली आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ वरच्या खणात व्यवस्थित तारखेवार लावून ठेवलेलं.

एक पट्टी तिने बराच वेळ हातात धरली. एक बसचा ड्रायव्हर होता, हसरा, दांडगा गडी. त्याची तिसऱ्या दिवशीची पिशवी तिने पाहिली होती, तळाला चहाच्या रंगाचं चमचाभर. तो माणूस हॉस्पिटलातून गेला तो डायलिसिसचा कागद घेऊन गेला, त्याची बस गेली. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगत आली होती की ड्रायव्हरची किडनी साहेबांनी खाल्ली. पट्टीवर बत्तिसापासून सदतिसापर्यंत नऊ मिनिटं होती. ओरडले साहेब, खरंच आहे. पण आकडा सरकवणारा हात कुणाचा? किडनी आधीच दुखावलेली असेल, नसेल, ते आता कुणी सांगू शकत नव्हतं. वीस मिनिटं आधी सुरुवात केली असती तर भांडायलाच लागलं नसतं, एवढं मात्र पट्टी सांगत होती. तिला त्या जमिनीवर बसल्या बसल्या इतकी लाज वाटली की तिने दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती होयबाला चहाच्या खोलीत गाठायला गेली. तो नेहमीसारखी बशी पुसत होता. वन्संचा आकडा, म्हणजे किडन्या रक्तातला कचरा किती मागे ठेवतात तो, सकाळी थोडा वर गेला होता. दुसऱ्या दिवशी जातोच, तिसऱ्या दिवशी खाली येतो की नाही ते खरं. तिने हातातली पट्ट्यांची गुंडाळी टेबलावर ठेवली आणि विचारलं की हे तुम्ही चौदा वर्षं असंच करताय?

‘हो.’

मग त्याने आपणहून सांगितलं, एवढं तो पुढे कधीच बोलला नाही. म्हणाला, सिस्टरने शेवटच्या टाक्याच्या दोऱ्याचं पाकीट उघडलं की तो पंपाचा आकडा अगदी थोडा थोडा सरकवायला लागतो, भूलवाल्या डॉक्टरांना नजरेने विचारून. साहेब गरम करा म्हणतात तेव्हा त्यांना तापमान नको असतं, हो हवं असतं. देऊन टाकायचं. आणि ही युक्ती काही त्याची नव्हे. नोकरीला लागला त्या पहिल्या वर्षी बाईच त्याच्या डोक्यावर उभ्या राहून हळू, हळू म्हणून ओरडत होत्या. त्याने विचार केला, हळू जायचं तर घरातून लवकर निघायला हवं.

‘मग मला का सांगितलं नाहीत इतकी वर्षं?’ तिने विचारलं. आवाज चढवायचा म्हणून चढवला.

होयबाने बशी पालथी घातली. ‘तुम्ही म्हणालात मला काही येत नाही. मी म्हटलं, हो.’

त्याच्या तोंडावर टोमण्याची सुरकुतीही नव्हती. पंपबाई समोर बसली आणि त्याने पुढे केलेला चहा प्यायली. चहा गार होता.

तिसऱ्या दिवशी ती फेरीला निघाली. सदतीस पायऱ्या आणि लांबलचक व्हरांडा, रोजचाच. वॉर्डाच्या दाराशी नवरा उभा होता. त्याने सांगितलं की आत्ताच एक उंच, इस्त्रीच्या टोपीचा माणूस येऊन गेला, खाली वाकून काहीतरी बघत होता. मला वाटलं सफाईवाला, मी म्हटलं भाऊ, पिशवी रिकामी करा, तर हो म्हणून करून गेला. भला माणूस.

म्हणजे तोही फेरी मारत होता. चौदा वर्षं एकाच व्हरांड्यात, एकाच तिसऱ्या दिवशी, आणि तिला कधी दिसला नाही. की दिसला होता आणि तिला वाटलं होतं साहेबांचा निरोप्या?

ती आत गेली आणि वाकली. रिकामी करून तास झाला नव्हता तरी पिशवीत चांगलं बोट-दीड बोट पाणी होतं. फिकट पिवळं, स्वच्छ. सिस्टरने सकाळचा कागद पुढे केला. आकडा उतरला होता. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा लगेच भरून आला. पंपबाई पलंगाची दांडी धरून तशीच वाकून राहिली, कारण सरळ झाली असती तर वन्संना तिचे डोळे दिसले असते.

‘खाली काय शोधतेस?’ वरून आवाज आला. घसा बसला होता, पण रुबाब शाबूत. ‘साहेब येऊन गेले. म्हणाले, चाळीस मिनिटांत केलं. मी विचारलं, तेवढा वेळ मशीनवर कोण होतं? तर बघतच राहिले माझ्याकडे.’

तीस वर्षं पंपबाईने ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न हा. एका पेशंटने, एका नातेवाइकाने कधी विचारला नव्हता. आणि विचारला तो तिच्या नणंदेने, ती स्टुलावर नसताना.

‘तू नव्हतीस म्हणे,’ वन्सं म्हणाल्या. ‘मग कोण होतं?’

आजवर चुकूनही जे बोलली नव्हती ते आज बोलायचं होतं. ती सरळ झाली, चष्मा पुसला. ‘माझ्यापेक्षा बरा माणूस होता,’ ती म्हणाली. ‘ते फलकावरचे नव्हेत. तुमच्या भावाने ज्याला पिशवी रिकामी करायला लावली ना, तो.’

वन्संनी डोळे मिटले. त्या झोपल्या असं वाटून पंपबाई निघणार तोच चादरीखालून हात बाहेर आला आणि तिचं मनगट पुन्हा धरलं.

‘त्याला बोलावून आण,’ वन्सं म्हणाल्या. ‘चांगला प्लंबर सहसा मिळत नाही. आणि तू त्याच्याकडून चार गोष्टी शिकून घे.’

‘हो,’ पंपबाई म्हणाली, आणि त्याला शोधायला खाली गेली.